एक्केचाळीस दुरुस्त्या

"चूक ही चूकच असते, मग ती कागदावर असो की कॉम्प्युटरच्या पोटात," असं म्हणून वेलांटीकाकांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. "अठ्ठावीस वर्षं मी दुसरं करतोय काय? अर्ध्या तासात काढतो शोधून."

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचा आणि जाताना दोन-चार वेलांट्या बदलून जायचा, म्हणून हे नाव. कॉम्प्युटर त्यांना टाइप करण्यापुरता यायचा. पण त्या दिवशी त्यातलं कळणारं दुसरं कोणी नव्हतंच.

छापखान्याच्या मालकीणबाई सकाळपासून एका शिक्षणसंस्थेच्या समितीपुढे बसल्या होत्या. व्याकरणाच्या कार्यपुस्तिका, तीन वर्षांचं काम. ते हातचं गेलं तर मागच्या खोलीतलं दुसरं मशीन विकायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मशीनवाल्याला जरा जास्तच. पुस्तिकेचं मुखपृष्ठ कॉम्प्युटरवर तयार होतं. ते बारा वाजायच्या आत चॅटवरून बाईंच्या फोनवर पाठवायचं, एवढंच काम. काकांचा फोन बटणांचा, मशीनवाल्याचा मशीनखाली सापडून पापडासारखा झालेला, आणि कॉम्प्युटरवरचं चॅटचं ॲप महिनाभर रुसलेलं. मजकूर लिहावा, 'पाठवा' दाबावं, की खिडकी पापणी मिटावी तशी मिटायची. लिहिलेलं गायब. आणि असल्या गोष्टींत ज्यांना कळतं त्या डीटीपीवाल्या ताई नेमक्या मुलीच्या शाळेत पालकसभेला गेल्या होत्या.

खरं सांगायचं तर ते ॲप दुरुस्त व्हावं असं काकांना महिनाभर वाटलंच नव्हतं.

त्याचं असं झालं. छापखाना बाईंना वडिलांकडून मिळाला होता. ऱ्हस्व-दीर्घ मात्र वडील बरोबर घेऊन गेले होते. बाईंचे संदेश यायचे ते असे: 'काका मुखपृश्ठ ताबडतोप पाठवा ही शेवटची सुचना.' काकांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे जायचा. एकदा न राहवून त्यांनी लिहिलं, 'सूचना. सू दीर्घ.' लिहिलं, दाबलं आणि घाबरले. पण ॲप बंद पडलं आणि संदेश नाहीसा झाला. काकांना इतकं मोकळं वाटलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. मग रोजच. आधी नुसत्या दुरुस्त्या होत्या, मग हळूहळू मतंही आली. 'बाई, आपलं आणि दीर्घ उकाराचं काही जुनं भांडण आहे का?' 'आपल्या संदेशात स्वल्पविराम दिसला की घरी पाहुणा आल्यासारखा आनंद होतो. फार दिवसांत कोणी आलं नाही.' लिहायचं, 'पाठवा' दाबायचं, खिडकी मिटली की चहा प्यायचा. पित्ताच्या गोळ्यासुद्धा बंद झाल्या होत्या त्यांच्या.

काकांनी आधी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. ॲप बंद पडताना तांत्रिक ओळींची जी भलीमोठी यादी दाखवायचं, ती त्यांनी कागदावर छापून घेतली. बावीस पानं निघाली. तीन पानं तपासून झाल्यावर मशीनवाला दारात आला.

"सापडली का चूक?"

"चौसष्ट सापडल्या. एकाही वाक्याला क्रियापद नाही."

"साडेअकरा झालेत, काका."

शेवटी त्यांनी छापखान्याच्या फोनवरून ताईंना गाठलं. ताई सभेत होत्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, डिस्क भरलीय. त्याला श्वास घ्यायला जागा नाही. जुनं काहीतरी काढून टाका आणि ॲप परत उघडा."

काकांनी मन घट्ट करून नऊ वर्षांची जुनी कॅलेंडरं पुसून टाकली. ॲप उघडलं. मुखपृष्ठ जोडलं, 'पाठवा' दाबलं आणि सवयीने चहाच्या कपाकडे हात नेला.

खिडकी मिटली नाही. मुखपृष्ठ गेलं. बाईंचं उत्तरही आलं: 'मीळालं.'

काका उठून उभे राहिले. मशीनवाल्याने त्यांचा हात हातात घेऊन इतका हलवला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तो सारखा करून काकांनी पडद्याकडे पाहिलं, तर खाली एक बारीक ओळ उमटली होती.

'अडकलेले संदेश: ४१. पाठवत आहे.'

टिंग.

'सूचना. सू दीर्घ.'

टिंग.

महिनाभर ते ज्याला कचऱ्याची टोपली समजत होते, ती टपालपेटी होती. "थांब रे बाबा," ते कॉम्प्युटरला म्हणाले. तो कसला ऐकतोय? टिंग, टिंग, टिंग. ज्या माणसाने अर्ध्या तासापूर्वी ॲप चालावं म्हणून जिवाचं रान केलं होतं, तोच आता ते बंद पडावं म्हणून टेबलाखाली शिरला. समोर दिसेल ती वायर ओढली. पंखा बंद झाला. दुसरी ओढली, प्रिंटर गेला. मग ते धावत दारामागच्या मुख्य बटणाकडे गेले आणि दोन्ही हातांनी ते खाली ओढलं.

अख्खा छापखाना चिडीचूप झाला. मागच्या खोलीत मशीनवाल्याच्या मशीनने निम्मा कागद गिळून जीव सोडला. त्या शांततेत एकच आवाज स्पष्ट ऐकू आला.

टिंग.

कॉम्प्युटर आणि इंटरनेटची डबी बॅटरीवर होती. वीज गेली तर काम अडू नये, म्हणून काकांनीच ती अर्ज करकरून बसवून घेतली होती.

मशीनवाला काळ्या हातांनी बाहेर आला. "काका, लाइट का घालवला?"

"ताईंना फोन लाव. आधी लाव."

सगळं ऐकून ताई आधी सभेतून बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "बाईंनी वाचायच्या आत पुसा. संदेशावर माउस दाबून धरा, खोडायचं विचारेल." काकांनी दाबून धरलं. ॲपने विचारलं: 'सर्वांसाठी खोडायचं, की माझ्यासाठी?' सर्वांना कशाला उगाच त्रास, काकांना वाटलं. गरज आहे ती मला. त्यांनी 'माझ्यासाठी'वर क्लिक केलं आणि एकेक करून एक्केचाळीस संदेश स्वतःसाठी खोडले. आता ते बाईंकडे होते आणि काकांकडे नव्हते. आपण नक्की काय काय लिहिलंय, हे पाहायचीही सोय उरली नाही.

बाई अडीच वाजता आल्या. काकांनी राजीनामा लिहून ठेवला होता, दोनदा तपासून.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "मुखपृष्ठ सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता."

काकांनी डोळे मिटले.

"समितीत नऊ जण होते. नऊही जण शिक्षक. मला बंद करता येईना, त्यांनी करू दिलंही नाही. अध्यक्ष तर मोठ्याने वाचत होते. स्वल्पविरामाच्या पाहुण्याला दोन बायकांना हसून हसून ठसका लागला."

"बाई, मी..."

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अध्यक्ष म्हणाले, मालकिणीला जो सोडत नाही तो आमच्या पुस्तिकेत काय चूक सोडणार? काम मिळालं. मशीन राहिलं."

आतल्या खोलीत काहीतरी खणकन पडलं. मशीनवाला ऐकत होता. काकांच्या जिवात जीव आला. खांदे आपोआप सरळ झाले, मानही थोडी वर गेली.

"फक्त एक झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. "तुमचा शेवटचा संदेश. तिथे आल्यावर सगळे गप्पच झाले."

काकांनी वाचलं: 'बाई, शुध्दलेखन ही सवय आहे. लावून घ्या.'

द आधी, ध नंतर, हे ज्यांनी छापखान्यातल्या तीन पिढ्यांना शिकवलं, त्यांनीच ध आधी लिहिला होता. शुद्धलेखन या शब्दात. नऊ शिक्षकांसमोर. काकांचे कान तापले. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने हात खिशात गेला, लाल पेन निघालं, आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी त्या चुकीभोवती ठसठशीत गोल काढला.

बाईंच्या फोनच्या काचेवर.

शाई पक्की होती. रुमालाने निघाली नाही, मशीन धुवायच्या रॉकेलनेही नाही. अजून बाईंना कुणाचाही संदेश आला की पडद्याच्या मधोमध कुठल्या तरी शब्दाला गोल पडलेला असतो, आणि बाई लगेच काकांना हाक मारून विचारतात, "यात काय चुकलंय हो?"