मार्था कुठे गेली?

चारुदत्तची नोकरी मेलेली माणसं शोधायची होती. सिंगापूरच्या एका विद्यापीठात तो पीएचडीनंतरचं संशोधन करणारा पोस्टडॉक होता आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेवरून वेल्समधल्या खेड्यांतली कुटुंबं जुळवायचा. १८५१ साली घरात कोण होतं, १८६१ साली त्यातलं कोण कुठे गेलं, हे शोधत बसायचा. चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये तो एकटाच राहायचा. शेजाऱ्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती. पण मार्था नावाच्या एका वेल्श शेतमजुराच्या बायकोने त्याची झोप उडवली होती. पहिल्या नोंदीत ती नवरा आणि तीन मुलांसह होती. दुसऱ्या नोंदीत मुलं आजीकडे आणि नवरा-बायको दोघंही गायब.

"नाही गं आई, मार्था काही सापडत नाहीये," एकदा लिफ्टमध्ये तो फोनवर म्हणाला. "तीन पोरं आजीकडे टाकून कुठे गेली कोण जाणे. ती सापडल्याशिवाय माझं काही खरं नाही."

मागे उभ्या असलेल्या विद्याकाकूंनी श्वास रोखून धरला. त्यांचे यजमान शामकांत जहाजावर इंजिनियर, बहुतेक वर्ष समुद्रावरच. बोलायला माणूस मिळायची मारामार. त्यात लिफ्टमध्ये हे असं अस्सल मराठी दुःख!

संध्याकाळी त्या थालीपीठं घेऊन दारात हजर.

"मी खालच्या मजल्यावर राहते. मार्थाचं कळलं मला."

चारुदत्त हरखला. त्याच्या संशोधनाची चौकशी आजवर कुणी आपणहून केली नव्हती. "या ना काकू, बसा!"

"पोरं कशी आहेत रे?"

"आजीकडेच आहेत. धाकटा खाणीत लागलाय."

"केवढा आहे?"

"अकरा वर्षांचा."

काकूंचा हात डब्याच्या झाकणावरच थबकला. "आणि तू गप्प बसलास?"

"मी काय करणार? झालं ते झालं."

काकूंनी ओळखीच्या सगळ्या मराठी माणसांना कळवलं आणि रविवारी चारुदत्तच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. जुरोंग ईस्टहून सुरेखा बटाटेवडे घेऊन आली. प्रबोध एका वकिलाचा नंबर घेऊन आला. "घटस्फोटाचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी त्या पोराला खाणीतून बाहेर काढू."

आता चारुदत्तच्या डोक्यात प्रकाश पडला. लगेच सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण या घरात एवढी माणसं कधी बसली नव्हती. हातातला वडा संपवून सांगू, असं त्याने ठरवलं. मग त्याने दुसरा घेतला.

"वहिनींचा एखादा फोटो दे," प्रबोध म्हणाला. "आणि जन्मतारीख."

"तारीख नाही माहीत," चारुदत्त वड्याकडे बघत म्हणाला. "साल अठराशे अठ्ठावीस."

सुरेखाने उरलेले वडे परत डब्यात भरले.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. लिफ्टमध्ये भेटल्या तर काकू मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहायच्या. मेलेली माणसं तेवढी इमानाने सोबत होती.

आणि एका शनिवारी मार्था सापडली. त्याने आईला फोन केला. "सुटलास बाबा! आता लग्नाचं बघ," म्हणून तिने फोन ठेवला. मग एक मजला उतरून त्याने बेल वाजवली.

"काकू, हवं तर रागवा. पण मार्था सापडली."

काकूंनी दार अर्धवटच उघडलं होतं. "कुठे?"

"गेली हो. बाळंतपणात. चर्चमध्ये दफनाची नोंद आहे."

"आणि नवरा?"

"तिसऱ्याच महिन्यात दुसरं लग्न. पोरं आजीकडे टाकली आणि पलीकडच्या गावात संसार थाटला."

"मेला!"

"हो काकू. कधीचाच."

"चांगलं झालं!" काकूंनी दार सताड उघडलं. पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि ते बाळ?"

"तेच आता शोधायचंय."

"मग तिकडे एकटा काय बसतोस? जा, लॅपटॉप घेऊन ये. मी कुकर लावते."