गुंडीची कारसीट आबा भरतात

आबांनी भरलेल्या खुर्चीतून माणूस आपणहून उठत नाही, त्याला उठवावं लागतं. हे दुसरं कुणी म्हणत नाही, आबाच म्हणतात. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं यांत स्पंज आणि स्प्रिंगा भरण्यात त्यांची हयात गेली. कोर्टातली मोठी खुर्ची त्यांनी भरून दिली आणि तेव्हापासून न्यायाधीश निकाल राखून ठेवू लागले, असंही ते शांतपणे सांगतात.

अशा माणसाच्या घरात सूनबाईने लहान मुलांची प्लास्टिकची कारसीट आणून ठेवली आणि वर बजावलं, "आबा, हिला हात लावायचा नाही हं!"

"मी कशाला लावतोय!" असं म्हणत आबांनी हात लावला. "अगं, हा स्पंज आहे की पावाचा काप?"

सूनबाईला परगावच्या मोठ्या नोकरीसाठी मुलाखतीला जायचं होतं. विमानाचा लांबचा प्रवास आणि उतरल्या उतरल्या थेट मुलाखत. म्हणजे विमानात तिला झोप मिळायलाच हवी होती. त्यासाठी आधी गुंडीने झोपायला हवं होतं. गुंडी म्हणजे आबांची दोन वर्षांची नात, आणि ती झोपायची फक्त कारसीटमध्ये. म्हणून तिचं वेगळं तिकीट काढून कारसीट विमानात खिडकीशी बांधायची, असं ठरलं होतं. मुलाखतीच्या वेळी नातीला सांभाळायला आबा. मुलाला रजा नव्हती. आबांना रजाच रजा होती.

आणि रजेवरचा कारागीर फार घातक असतो.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली, तेव्हा आबांनी कारसीटवरची चादर बाजूला सारली. खाली लालभडक मखमल, कडेने सोनेरी गोट, पाठीला बटणं.

"आबा! हे काय?"

"कारसीट."

"आणि हिचं कव्हर कुठंय?"

"त्याने मी दुकानाची काच पुसली. काच चांगली निघाली."

सूनबाईने एक दीर्घ श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही. पण गुंडी मखमलीवर चढून बसली होती आणि खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

विमानतळावर कारसीट तपासणीच्या यंत्रातून गेली आणि यंत्र थांबलं. पडद्यावर वेटोळीच वेटोळी!

"आत काय आहे?" सुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं.

"स्प्रिंगा."

"कशासाठी?"

"बसण्यासाठी," आबा म्हणाले. "तुमच्या खुर्चीत नाहीत वाटतं? चेहऱ्यावरून कळतंय."

चार अधिकाऱ्यांनी कारसीट दाबून पाहिली. पाचव्याने तर दोनदा पाहिली. शेवटी त्यांनी कारसीट सोडली, पण आबांच्या खिशातली कात्री ठेवून घेतली.

विमानाच्या दारात हवाई सुंदरीने हसून स्वागत केलं आणि विचारलं, "ही विमानात चालते असं लेबल असतं, लाल अक्षरांत. ते कुठंय?"

"मागच्या बाजूला, डावीकडे," आबा तत्परतेने म्हणाले. "फार विद्रूप दिसत होतं. झाकून टाकलं."

सूनबाईने डोळे मिटले.

"लेबल दिसल्याशिवाय सीट आत घेता येणार नाही. उसवता का जरा?"

"उसवू? ताई, दुहेरी दोरा आहे, वर मेण. माझी शिवण आजवर कुणाला उसवता आलेली नाही!" हे सांगताना आबांची छाती फुगली. मग आपण कुठल्या बाजूने बोलतोय हे ध्यानात आलं आणि ती हळूहळू खाली बसली.

"दातांनी तोडा ना," रांगेतून एकजण म्हणाला.

"दात माझे नाहीत. त्यांच्यावर जोर देता येत नाही."

"अहो, विमान सुटेल आमचं!"

"कसं सुटेल? तुम्ही त्याच्या दारातच उभे आहात."

एका बाईंनी पर्समधून नेलकटर काढून दिलं. आबा एकेक टाका तोडू लागले. प्रत्येक टाक्याला त्यांच्या तोंडून "अरेरे" निघत होतं. अखेर लेबल दिसलं. हवाई सुंदरीने ते वाचलं, मान डोलावली, सीट आत नेली आणि तशीच बाहेर आणली.

"विमानातल्या खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये बसत नाही. फार जाड झालीय."

सूनबाईने सासऱ्यांच्या हातातलं नेलकटर घेतलं. पुढे जे झालं ते आबांना बघवलं नाही. मखमल, बटणं, स्पंज, स्प्रिंगा, सगळा ढीग एका पिशवीत कोंबून सामानात रवाना झाला. राहिला नुसता प्लास्टिकचा सांगाडा. त्यावर हवाई सुंदरीने विमानातली एक चादर घातली. चादरीची जाडी अफवेइतकीच.

"यात पोर झोपायचं नाही," आबांनी जाहीर केलं. "आणि झोपलं तर मी धंद्याचं नाव सांगणार नाही!"

विमान वर गेलं. पट्टा लावलेल्या गुंडीने एक जांभई दिली, मान टाकली आणि गाढ झोपून गेली. तिच्या शेजारी सूनबाईही झोपली. दिवे मंद झाले. सगळं विमान घोरू लागलं.

जागे राहिले फक्त आबा. ते सांगाड्याकडे बघत होते. ना स्प्रिंग, ना स्पंज, ना कापूस, आणि पोरगी घोरतेय! अशी झोप त्यांच्या कोर्टातल्या खुर्चीतही कुणाला लागली नव्हती. हे शक्यच नव्हतं. नक्कीच कुठेतरी टोचत असणार. पोर बिचारं भिडेखातर सांगत नसेल.

त्यांनी बराच वेळ स्वतःला आवरलं. मग सूनबाईच्या अंगावरून हळूच वाकून त्यांनी नातीच्या पाठीखाली दोन बोटं घातली आणि अगदी कुजबुजत विचारलं, "गुंडे, टोचत नाही ना गं?"

गुंडीने डोळे उघडले. मग तोंड उघडलं. मग बाकीच्या दोनशे माणसांनी डोळे उघडले, आणि सर्वांत शेवटी, अगदी सावकाश, सूनबाईने.