धाकटीची राखण

"टाकीत हात घालू नका," निघताना बायकोने दातांच्या डॉक्टरांना तिसऱ्यांदा बजावलं. "सकाळी माशांना चिमूटभर खाणं टाकायचं, कमी झालेलं पाणी भरायचं आणि लांबून बघायचं. एवढंच."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर शेजारी ठेवून गेले असते," ती म्हणाली आणि मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांकरता गेली.

हॉलमधली ती खाऱ्या पाण्याची टाकी सर्वस्वी तिची. नऊ वर्षांपूर्वी मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्याच महिन्यात तिने प्रवाळाचा एक इवलासा तुकडा आणून टाकीतल्या खडकावर चिकटवला होता. आता त्याचा चांगला ओंजळभर गुच्छ झाला होता. टाकीतला दिवा लागला की त्याची हिरवी बोटं हळूहळू बाहेर यायची आणि पाण्यात झुलायची. बायको त्याला 'धाकटी' म्हणायची. "धाकटी उठली," असं एकदा म्हटल्याशिवाय घरात चहाचं आधण चढत नसे.

पहिला आठवडा डॉक्टरांनी खरोखरच लांबून बघितलं. आठव्या दिवशी, धाकटीपासून वीतभर अंतरावर, त्यांना एक बारीक तपकिरी समुद्रफूल दिसलं. वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखं. त्यांनी माहिती काढली. नाव फुलाचं, पण तो प्राणी होता, टाकीतली कीड. भराभर पसरणारी, शेजारच्या प्रवाळांना डंख मारणारी. बायकोला फोन करायला हवा होता. पण त्याच दिवशी मुलगी बाळंत झाली होती. अशा वेळी तिच्या डोक्याला कशाला ताप, असं डॉक्टरांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांचे हात शिवशिवत होते. चौतीस वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला नको तिथे उगवलेली गोष्ट नुसती बघवत नाही.

दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर होता. तिथल्या सिस्टर वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या.

"टाकीत एक कीड लागलीय," डॉक्टर म्हणाले. "मुळासकट काढतो."

"बाईंना विचारलंत?"

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे. कळणारसुद्धा नाही."

"पेशंटलाही आपण असंच सांगतो," सिस्टर म्हणाल्या आणि हत्यारांचा ट्रे घेऊन मुकाट्याने वर आल्या.

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, छोटा आरसा खडकामागे धरला आणि दातांवरचं किटण काढायच्या हत्याराने ते फूल खरवडून काढलं. अगदी स्वच्छ काम झालं. त्या संध्याकाळी ते स्वतःवर खूश होते. फुलाच्या बुडाचे कण पाण्यात पांगले होते आणि त्यातल्या प्रत्येकाला आपापला संसार थाटायचा होता, हे त्यांना दहा दिवसांनी कळलं. तेव्हा टाकीत अकरा फुलं होती. दोन तर धाकटीला अगदी खेटून.

आता बायकोला सांगायचं, तर आधी हात घातल्याचं सांगावं लागणार. म्हणून आधी निस्तरू, मग सांगू, असं ठरलं. दाताच्या मुळाच्या पोकळीत भरायचा चुन्याचा लेप दवाखान्यात होताच. तो पातळ करून सुईने एकेका फुलाच्या तोंडात सोडला की फूल विरघळतं, असं डॉक्टरांच्या वाचनात आलं. सात फुलं खरोखर विरघळली. उरलेली चार सुई दिसताच खडकाच्या फटीत शिरली. डॉक्टरांनी त्यांच्यामागे फटीत इतका चुना सोडला की पाणी दुधासारखं झालं आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले.

ती सगळी दुपार डॉक्टर आणि सिस्टर बादल्यांनी पाणी बदलत होते. खाली पाच पेशंट खोळंबले होते. त्यांतला गाल सुजलेला एक शिंपी अखेर चौकशीला वर आला, काही वेळ दारात उभा राहिला आणि मग कुणी न सांगता त्याने एक बादली उचलली.

"याला काय झालंय?" त्याने सुजलेल्या तोंडाने विचारलं.

"इलाज," सिस्टर म्हणाल्या.

मासे वाचले. फटीतली फुलंही वाचली, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्यांची चाळीस झाली. धाकटीची एक बाजू डंखांनी आक्रसून गेली. सकाळी दिवा लावताना डॉक्टर आता तिच्याकडे बघायचं टाळायचे.

दर रविवारी बायकोचा फोन यायचा. फोनवर तिला टाकी बघायची असे. डॉक्टर मोठ्या कौशल्याने डावा कोपरा दाखवत.

"अहो, तुमचं नाक दिसतंय. धाकटी दाखवा."

"झोपलीय ती."

"अकरा वाजता?"

"हवा कुंद आहे इथे," डॉक्टर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि आपण बायकोला हवापाण्याच्या थापा मारतोय.

शेवटी ते शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. मासेवाल्याने त्यांना लांब चोचीचा, पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा दाखवला.

"हा ही फुलं वेचून खातो," तो म्हणाला. "पण ती संपल्यावर काय खाईल, ते मात्र..."

"संपू तर देत," डॉक्टर म्हणाले आणि मासा घेऊन निघाले.

मासा गुणी निघाला. डॉक्टरांना जे सुईने जमलं नव्हतं ते त्याने चोचीने केलं. फटीत चोच घालायची, ओढायचं, गिळायचं. आठ दिवसांत टाकीत फूल म्हणून उरलं नाही. त्या रविवारी डॉक्टरांनी फोन टाकीसमोर धरून सगळी टाकी फिरवून दाखवली. धाकटी पुन्हा फुलू लागली होती.

"जरा बारीक झालीय," बायको म्हणाली. "पण सांभाळलंत हो. मला वाटलं नव्हतं."

डॉक्टरांनी ते कौतुक निमूटपणे घेतलं. खरं सांगायला त्याहून चांगली वेळ पुढे आली नाही.

कारण सोमवारी माशाला भूक लागली. डॉक्टर दवाखान्यातून जेवायला वर आले तेव्हा तो धाकटीची बोटं एकेक करून खुडत होता. डॉक्टरांनी काचेवर टकटक केली, जाळी घातली, खडक हलवले. मासा जाळीच्या एका बाजूने दिसायचा आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचा. दोन दिवस दवाखाना बंद ठेवून डॉक्टर त्याच्यामागे लागले. बुधवारी दुपारी सगळे खडक बादल्यांत काढून ठेवलेले, डॉक्टर खांद्यापर्यंत टाकीत, आणि मासा निवांत. धाकटीच्या जागी पांढरा सांगाडा तेवढा उरला होता.

तेवढ्यात दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बायको दहा दिवस आधीच परत आली होती.

तिने बॅग खाली ठेवली. बादल्या बघितल्या, टाकी बघितली, मग सांगाड्यासमोर जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी हात बाहेर काढला आणि पहिल्या फुलापासून सगळं क्रमाने सांगितलं, फोनवरच्या कुंद हवेसकट. काहीही लपवलं नाही. आता लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

ती सोफ्यावर बसली. काहीतरी विचारायचं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "तू लवकर कशी आलीस?"

"लेकीने तिकीट काढून हातात दिलं."

"म्हणजे?"

"मी इथून निघायच्या आधीच म्हणाली होती, आई, तू फक्त बाळ सांभाळ, घर आवरू नकोस." बायको टाकीकडेच बघत होती. "परवा दुपारी ती बाळाला घेऊन झोपली होती. तिच्या खोलीच्या दाराची चौकट कधीची मळकी दिसत होती. पेन्सिलीच्या रेघोट्या. म्हटलं, नातवाने खरडलंय, ही उठायच्या आत लख्ख करून टाकू. स्पिरिट लावून घासून काढली."

"बरं, मग?"

"त्याची उंची होती ती. दर वाढदिवसाला एक रेघ. सहा वर्षांची."

डॉक्टर तिच्या शेजारी टेकले.

"ती रागावली का?"

"चौकटीकडे बघत उभी राहिली नुसती. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी नातू चौकटीला पाठ लावून उभा राहिला नि म्हणाला, आजी, मी आता कुठपासून वाढायचं?"

टाकीतला मासा मोकळ्या झालेल्या पाण्यात एक चक्कर मारून गेला. दोघांनी त्याला जाऊ दिलं.

"त्याचे जुने फोटो असतील," डॉक्टर एकदम म्हणाले. "वाढदिवसांचे, दारापाशी उभा असलेले. चौकटीची उंची ठाऊक असली की त्यावरून हिशेब करून सगळ्या रेघा पुन्हा..." त्यांचे हात पुन्हा शिवशिवायला लागले होते. ते अर्धे उठलेसुद्धा.

"अहो."

"हं?"

"बसा."

डॉक्टर बसले. त्यांच्या ओल्या बाहीतून खारं पाणी सोफ्यावर ठिबकत राहिलं, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदाच ती ते पुसायला उठली नाही.