उताराला लागलेली वरात

एका जंगलात, मुलांनो, फार म्हणजे फार थंडी पडायची. जंगल होतं डोंगराच्या माथ्यावर. मार्गशीर्ष लागला की दव गवतावरच गोठून बसायचं. चिमण्या उडण्याआधी एकमेकींचे पंख चोळून द्यायच्या. वाघ डरकाळी फोडायला जायचा आणि तोंडातून नुसतं 'हु हु हु' निघायचं. मग हरणं गालातल्या गालात हसायची.

या जंगलात झिपरोजीराव नावाचं एक अस्वल राहायचं. त्याच्याकडे लालभडक गाडी होती. रोज सकाळी तो ती स्वतःच्या पोटानं पुसायचा. आरशाला गोंडे, सीटांना मखमली कव्हरं, आणि हॉर्न दाबला की चक्क सनई वाजायची. फक्त बॉनेट त्यानं कधी उघडलं नव्हतं.

"कुणाच्या पोटात असं डोकावू नये," तो म्हणायचा. "बरं दिसत नाही."

शेजारी कासवकाका राहायचे. त्यांच्या गाडीचा रंग उडालेला. पण थंडी पडायच्या आत ते बॅटरी तपासून घ्यायचे. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात कूलंट घालायचे. संध्याकाळी बॉनेटवर घोंगडी पांघरायचे.

"झिपरोजीराव," एकदा कासवकाका म्हणाले, "तुमचे टायर अगदी गुळगुळीत झालेत हो."

"झालेत ना?" अस्वल खूष झालं. "मीच पॉलिश करतो."

कासवकाका आपल्या बॉनेटवर घोंगडी पांघरायला गेले.

आता झालं काय, की ठकूबाई साळिंदरणीच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलाचं नाव कंटकराव. स्वभावानं अगदी मऊ, पण घाबरला की अंगावरचे काटे ताठ उभे राहायचे. नवरी घाटाखालच्या जंगलातली होती आणि मुहूर्त सकाळचा होता.

ठकूबाईंना काळजी लागली होती, आणि ती उगाच नव्हती. मागच्या वर्षी कंटकरावाचं एक लग्न उशीर झाल्यामुळे हुकलं होतं. वऱ्हाड पोचेपर्यंत नवरीचं दुसऱ्याशी लागून गेलं होतं. वऱ्हाड निमूट जेवलं आणि परत आलं.

"या वेळी लाल गाडीतूनच जायचं," ठकूबाईंनी ठरवलं.

लग्नाच्या सकाळी गाडी फुलांनी सजली. वानरांचा बँड तयार झाला. झिपरोजीरावानं फेटा बांधला, सगळ्यांना नमस्कार केला आणि किल्ली फिरवली.

"टक," गाडी म्हणाली.

पुन्हा फिरवली. या वेळी ती 'टक'सुद्धा म्हणाली नाही.

"लाजतेय," झिपरोजीराव म्हणाला.

"माझी चालू आहे," शेजारून कासवकाका म्हणाले. खरंच, त्यांचं इंजिन मघापासून गुरगुरत होतं. "नवरदेवाला बसवा. वेळेत पोचू."

ठकूबाईंनी त्या रंग उडालेल्या गाडीकडे पाहिलं. "काका, राग मानू नका. पण यातून गेलो, तर व्याही म्हणतील मुलाला काही कामधंदा नाही. तुम्ही आपल्या अक्षता घेऊन पुढे व्हा."

कासवकाका अक्षता घेऊन पुढे झाले.

इकडे सल्ले सुरू झाले. इंजिनाला ऊब हवी, असं कुणीतरी म्हणालं. लगेच गाडीपुढे शेकोटी पेटली. पण तिच्याभोवती वऱ्हाड असं दाटीवाटीनं बसलं, की गाडीला जागाच उरली नाही. काचेवर बर्फ साचला होता. ठकूबाईंनी नवरदेवाच्या अंघोळीचं उरलेलं कढत पाणी आणलं आणि काचेवर ओतलं.

तडाक!

"गेला बर्फ," ठकूबाई म्हणाल्या.

बर्फ गेला होता. काचही गेली होती.

"आई," कंटकराव रडवेला झाला, "या वेळीही जेवूनच परत यायचं का गं?"

"ढकला रे!" झिपरोजीराव ओरडला. वानरांनी ढोल पाठीवर टाकले आणि गाडीला हात लावले. कोल्हे आले, ससे आले, तो थरथरणारा वाघही आला. कंटकराव आणि ठकूबाई मागच्या सीटवर बसले. गाडी हलली. घाटाच्या तोंडाशी आली आणि एकदम सगळ्यांच्या हातातून निसटली.

इंजिन बंद, पण वेग असा की विचारू नका! गोठलेल्या दवावरून ते पॉलिश केलेले टायर लोण्यासारखे घसरू लागले. ब्रेक दाबावा तर दगडासारखा घट्ट. स्टिअरिंग फिरता फिरेना. समोरून असा गार वारा येत होता, की झिपरोजीरावाच्या मिशा ताठ झाल्या.

"हॉर्न मारा, भावोजी!" ठकूबाई किंचाळल्या.

"बॅटरी मेलीय, वहिनी!"

मग ठकूबाईच हॉर्न झाल्या. "सरका गं बायांनो! सरकाऽऽ! नवरदेव येतोयऽऽ!" लांडोरी पदर सावरत बाजूला पळाल्या. एक रानगवा रस्त्यात रवंथ करत उभा होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उडी मारली. ती त्याला इतकी आवडली, की तो पुढे दिवसभर उड्या मारत होता.

कंटकराव भयंकर घाबरला. त्याचे काटे ताठ झाले आणि मखमलीत खोलवर रुतले. आई वळणावळणाला इकडून तिकडे आपटत होती. नवरदेव जागचा हलला नाही. त्याला पट्ट्याची गरजच पडली नाही.

घाट संपला आणि मांडव आला. आत भटजीबुवा शेवटचं मंगलाष्टक म्हणत होते. नवरीचा बाप घामाघूम होऊन नवरदेवाच्या जागी उभा करायला सुयोग्य पाहुणा शोधत होता. तोच गाडी कमान घेऊन आत शिरली, आचाऱ्याला वळसा घालून गेली आणि गवताच्या गंजीत घुसून थांबली. नवरीपासून हातभर अंतरावर.

कंटकराव उठला. त्याच्याबरोबर सीटही उठली. काटे काही सुटेनात. शेवटी पाठीवर सीट घेऊनच त्यानं हार घातला.

नवरी हळूच म्हणाली, "बसायची सोय घेऊन आलात, बरं केलंत."

कंटकराव हसला. हसताच काटे सैल पडले आणि सीट धपकन खाली आली. मांडवात एकच जल्लोष झाला.

सासऱ्यांनी झिपरोजीरावाला शाल पांघरली. "असा चालक पाहिला नाही," ते म्हणाले. "इंजिनाशिवाय वेळ गाठली!" झिपरोजीरावानं नम्रपणे सांगितलं की त्याला इंजिनाची सवयच नाही.

आणि कासवकाका? ते केव्हाच पोचले होते. इतक्या लवकर कुणी आलेलं नव्हतं, म्हणून आचाऱ्यानं त्यांना काकड्या चिरायला बसवलं होतं.

त्या वर्षापासून डोंगरावर गाडीची देखभाल कुणी करत नाही. मुलगी तेवढी उताराकडची बघतात.

तात्पर्य : मुलांनो, थंडीत गाडीची नीट काळजी घ्याल, तर सर्वांच्या आधी पोचाल आणि कोशिंबिरीला बसवले जाल.