बुधीच्या डोक्यावरची चुंबळ

माझी धाकटी जाऊ बुधी डोक्यावरची चुंबळ कधी काढत नाय. हंडा असो का नसो. रेशनच्या लायनीत चुंबळ, बाजारात चुंबळ, मयताला गेली तरी पदराखाली चुंबळ. एकदा जीपवाला बोलला, "मावशे, ती गुंडाळी काढ, मागच्याला पुढचं दिसत नाय." तर ही बोलते, "मागच्याला गाडी चालवायची हाय काय?"

कोणी इचारलं का तिचं एकच, "पाणी भरायचं हाय ना." पंगतीत जेवायला बसली तरी पाणी भरायचं हाय.

आम्ही दोघी पोशेरा गावाकडं एकाच अंगणात राहतो, म्हणून मला ठावं. बुधीच्या टाळूवर भाकरीएवढ्या जागेत एक केस नाय. लगीन करून आली तवापासून विहीर खाली दरीत आन् घर वर. उन्हाळ्यात झऱ्यात वाटीवाटीनं पाणी जमवायचं, हंड्यावर हंडा चढवायचा आन् चढण चढायची. पोटात पोर असलं तरी. माझंपण केस तिथं इरळ झालं. हिचं तर साफ गेलं.

तशी बुधी कोणाला भ्यायची नाय. साप मारून यायची आन् हात धुऊन भाकरी थापायला बसायची. पण केसाचं नाव काढलं का तोंड एवढंसं. नवरा जगला तवर त्याच्यापुढंही कधी उघड्या डोकीनं बसली नाय.

मग तिच्या पोराचं जमलं. पोरगी जामसरची. आमच्यात लग्नाच्या सकाळी पोरीची आई पोराच्या आईला पाटावर बसवते, चारचौघींत तिचं डोकं सोडते, तेल घालते, वेणी घालते. मगच मांडवात नेते. बुधीला हे आठवलं आन् तिचं जेवण तुटलं.

"बाय, त्या बाया काय बोलतील? टकलीच्या घरात पोर दिली बोलतील. केस उगवायलाच पायजे."

पहिला भगत झाला. त्यानं तांदूळ बघितलं आन् कोंबडा मागितला. कोंबडा गेला, टाळू तशीच. मग माका कुटून लावला, तर डोकं हिरवंगार. पुतणीनं मोबाईलात बघून सांगितलं, कांद्याचा रस लाव. लावला. घरात माणूस येईना, माशा येत. मग जव्हारच्या बाजारातनं तेलाची बाटली आणली. बाटलीवर एक बाई, केस पार गुडघ्यापोतूर. बुधी रोज तेल लावताना तिला इचारायची, "तू कुठून पाणी भरते गं?"

शेवटी मी तिला सरकारी दवाखान्यात नेली. डाक्टरीणबायनं चुंबळ काढायला लावली. बुधीनं डोळंच मिटून घेतलं.

डाक्टरीणबाय बोलली, "मावशी, रक्त कमी आहे, गोळ्या देते. त्याने बाकीचे केस गळायचे थांबतील. पण ही जागा वर्षानुवर्षं घासली गेलीय. इथली मुळंच गेली, इथे आता येणार नाहीत. डोक्यावर ओझं घेऊ नका."

"नाय घेत. तुमी येता काय पाणी भरायला?"

डाक्टरीणबाय खाली बघून गोळ्या लिहीत राहिली.

लग्नाच्या सकाळी बुधीनं तव्याची काजळी पाण्यात कालवली आन् टाळूला फासली. मला दाखवलं. मी बोलले, "बेस दिसतं." खरंच केसासारखं दिसत व्हतं. तेलाचं कोणाच्या ध्यानातच नाय आलं.

पाट मांडला, पोरी गाणं म्हणायला लागल्या. इहीण, पोरीची आई, मागं बसली. चुंबळ काढली, तेलाची वाटी घेतली, तेल घातलं आन् हात फिरवला. काळा वघळ बुधीच्या कपाळावरनं नाकावर आला आन् नव्या लुगड्यावर टपकला. इहिणीचा हात कोळशासारखा. टाळू चकचकीत उघडी.

एक पोरगी फिसकन् हसली, "अगं, इहिणीचं डोकं वितळलं!"

गाणं थांबलं. मी माझ्या पायाचं अंगठं बघत राहिले. बुधीनं पाट दोन्ही हातांनी गच्च धरलेला. आता ही उठंल आन् डोंगरात निघून जाईल, असं मला वाटलं.

इहिणीनं आपल्या नव्या लुगड्याचा पदर घेतला. बुधीचं कपाळ पुसलं, नाक पुसलं. पोरींना बोलली, "गाणं का थांबलं? म्हणा की." आन् त्या उघड्या जागेवरच अजून तेल घालून हळूहळू चोळायला लागली.

बुधीचं खांदं हलत व्हतं. मी जवळ सरकले. ती डोळं मिटून हळूच बोलत व्हती, "आई मेली तवापासून माझ्या डोकीला कोणी हात नाय लावला. अजून थोडा घाल ना बाई."

मांडवातनं हाक आली, "चला गं, वेळ झाली."

"थांबा," इहीण वरडली. "इहिणीची वेणी राहिलीय."

आन् व्हतं तेवढं केस गोळा करायला लागली.