बारा मिलिमीटर

आमच्या सोसायटीतल्या डॉ. पगारे यांना २०७० सालचा नाशिकचा उन्हाळा तोंडपाठ आहे. उद्या छत्री न्यावी की नाही, हे मात्र ते सांगत नाहीत. विचारलंच तर चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "उद्याचं विचारू नका."

आमच्या मुलीचा साखरपुडा मार्चात होता. उघडं लॉन घ्यावं की बंद हॉल, हे विचारायला मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. सरांनी तीन पेढे खाल्ले, तीस वर्षांची सरासरी सांगितली आणि एका दिवसाबद्दल बोलणं आपल्या शास्त्रात बसत नाही, असं सांगून बोटं पुसली. मी लॉन घेतलं. गारा थेट जिलबीच्या पातेल्यापर्यंत पोचल्या. व्याही खुर्ची डोक्यावर धरून उभे होते. सर तेवढे प्रसन्न. "ट्रेंडला धरून आहे," म्हणाले आणि खिशातली पट्टी काढून एका गारेचा व्यास मोजला.

सर एका संस्थेत हवामानबदलाचं संशोधन करतात. म्हणजे संगणकात आपला अख्खा प्रदेश चौकटी-चौकटींत कापायचा आणि पन्नास वर्षांनी कुठल्या चौकटीत काय होईल ते बघायचं. एक चौकट पंचवीस किलोमीटरची. त्यामुळे त्यांच्या मॉडेलमध्ये पंचवटी, पांडवलेणी आणि आमची सोसायटी यांच्यावर एकच पाऊस पडतो. ब्रह्मगिरीचं तर नुसतं टेंगूळ उरतं. डोंगर कुठे गेला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सरासरीत."

मॉडेल सुरू केलं की पहिली काही वर्षं फेकून द्यावी लागतात म्हणे, कारण तेव्हा ते स्थिरावत असतं. हे ज्ञान मी उत्साहाने घरी नेलं. बायको म्हणाली, "आपली अठ्ठावीस झाली. फेकायला कधी घ्यायची?"

सोसायटीच्या पाण्यावर बैठक झाली तेव्हा सरांनी भविष्याची तीन चित्रं पडद्यावर दाखवली. आपण सुधारलो तर, थोडेफार सुधारलो तर आणि आहोत तसेच राहिलो तर. बैठकीने तिसरं एकमताने मंजूर केलं आणि बटाटेवडे मागवले.

गच्चीवर त्यांचं एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला ते त्यातलं पाणी मोजतात, ऐन मे महिन्यातही. काही नसलं तरी वहीत लिहितात. "शून्य हीसुद्धा नोंद असते." एकदा मी त्या मापकाच्या वरच्या दोरीवर ओली गोधडी वाळत घातली. दुसऱ्या दिवशी निरभ्र आकाशातून चार मिलिमीटर पाऊस पडल्याचं उघडकीला आलं. सरांनी थेंबांचा माग काढत आमची बेल वाजवली. नोंद लाल शाईने खोडली गेली आणि पुढे शेरा पडला: 'मानवी हस्तक्षेप, फ्लॅट नऊ.' मी शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासात आपली नोंद अशी होईल, ही कल्पना नव्हती.

दुसरं मापक हरसूलला आहे, सरांच्या ताईंच्या अंगणात. ताई तिथल्याच शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला मात्र पगारातून पार डॉक्टरेटपर्यंत शिकवलं. त्या निवृत्त झाल्यावर त्यांना नाशिकला आणण्यासाठी सरांनी जंग जंग पछाडलं. तुमच्या फ्लॅटात कोंबडीसारखं बसवत नाही, म्हणाल्या. मग सरांनी त्यांच्या अंगणात मापक रोवलं. तेव्हापासून रोज साडेआठला फोन. पावसाळ्यात घसघशीत आकडा, एरवी 'शून्य'. सर तो निळ्या शाईने वहीत उतरवतात आणि फोन ठेवतात. कशी आहेस, जेवलीस का, असला अवांतर मजकूर नाही. दोन वेधशाळा बोलाव्यात तसं.

परवा एप्रिलात मी त्यांच्याकडे फुकटचं वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. फोन आला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"बारा," ताई म्हणाल्या.

"किती?" सरांनी विचारलं.

"बारा मिलिमीटर. काल सांजच्याला पडला."

सरांनी लॅपटॉपवर उपग्रहाचं कालच्या संध्याकाळचं चित्र उघडलं. समुद्रापासून नांदगावपर्यंत ढगाचा ठिपका नव्हता. मी 'गोधडी' एवढंच पुटपुटलो. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. लाल शाईत मला अखेर भागीदार मिळणार होता.

"मास्तर, चप्पल घाला," सर म्हणाले. "दोन निरीक्षक असलेले बरे."

एरवी पन्नास वर्षांच्या खाली न उतरणारा माणूस त्र्यंबकचा घाट अशा घाईत चढला की मी सगळ्या देवांना एकाच चौकटीत घेतलं.

हरसूलला अंगणात धूळ उडत होती. जुन्या लुगड्यावर कालपासूनच्या कुरडया कडकडीत वाळल्या होत्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावर मापक, आणि मापकाशेजारी पितळी तांब्या. बारा मिलिमीटर पाऊस कुरडयांना चुकवून नेमका मापकात पडला होता. सरांनी पाणी मोजलं. बारा. ताईंनी माप अचूक टाकलं होतं, शेवटी शिक्षिका.

आत नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि ठेचा तयार होता. तीन ताटं मांडलेली. सर एकटे येत नाहीत, हाही ताईंचा अंदाज बरोबर निघाला. जेवताना पावसाचा विषय कोणी काढला नाही. ताई भावाच्या ताटात भाकरी टाकत राहिल्या, आणि भाऊ नको न म्हणता खात राहिला.

जेवण झाल्यावर सरांनी वही काढली. मी तत्परतेने खिशातलं लाल पेन पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि निळ्या शाईने लिहिलं: १२. शेरा: 'स्थानिक पाऊस.'

मी वही ओढून मागची पानं चाळली. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात चार. गेल्या वर्षी मार्चात सहा. यंदा जानेवारीत आठ. सगळा कोरड्या महिन्यांतला पाऊस, सगळा निळा.

"हे मॉडेलमध्ये घालता?" मी विचारलं.

"ही वही संस्थेत जात नाही." मग स्वयंपाकघराकडे बघत ते हळूच म्हणाले, "वाढतोय, मास्तर. आणि लवकर लवकर पडतोय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "बाळू, उद्या हायेस का?"

मी सवयीने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. तो कपाळावर गेला नाही.

"आहे," सर म्हणाले. "परवा पण आहे."

गाडी त्यांचीच असल्यामुळे मी एसटी शोधायला निघालो. अंगणात ताई कालचा पाऊस दारच्या मोगऱ्याला घालत होत्या.