वहीत मादी आहे

"मी नेतो दोघांना," असं मी शनिवारी जेवताना म्हणालो आणि बायकोचा घास हातातच राहिला.

"तुम्ही?"

"मी."

"एकटे?"

"कुत्रा आणि मांजर आहेत. वाघ-सिंह नव्हेत."

न्यायचं होतं जनावरांच्या दवाखान्यात, लस टोचून घ्यायला. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी (निवृत्त मुख्याध्यापिका, जिन्यात दिसल्या की अजूनही माझे हात आपोआप मागे बांधले जातात) निक्षून सांगितलं होतं की रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या दोघांच्या लसीच्या वह्या तपासायला येतील. यंदाचा शिक्का नसेल तर प्राणी या घरात राहणार नाहीत. लसीची तारीख उलटून दोन महिने झाले होते. कोण विसरलं होतं ते विचारू नका. (मीच.)

आमची लेक नऊ वर्षांची. बाईंनी हे बजावलं त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. भांडली असती तर परवडलं असतं. ती नुसती कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रविवारी तिची चित्रकलेची परीक्षा होती आणि बायको तिच्यासोबत जाणार होती. "शिवाय हे काम मुळात कागदाचं आहे," मी म्हणालो. बायकोने कपाळाला हात लावला. तिला माझं आणि कागदाचं नातं ठाऊक आहे. मी अभिलेख विभागात एकवीस वर्षं आहे. आमच्या नोंदवहीत एका जागी विहीर आहे. प्रत्यक्षात तिथे तीन मजली इमारत उभी आहे आणि तिच्या तळमजल्यावर मी दर महिन्याला केस कापून घेतो. पण वहीत विहीर आहे, त्यामुळे दर वर्षी मी तिच्यापुढे 'स्थिती : उत्तम' असं लिहून सही करतो.

रविवारी दहा वाजता मी जय्यत तयार झालो. जाड जाकीट, हातमोजे, टॉवेल, झाकणाची टोपली. कुत्रा (त्याचं नाव मुकादम, कारण कुणीही काम करत असलं की हा शेजारी उभा राहून बघतो) पट्टा तोंडात घेऊन दाराशी हजर होता. मांजरीचा, म्हणजे ठमीचा, पत्ता नव्हता. पलंगाखाली नाही, फडताळावर नाही, कपडे धुण्याच्या यंत्रातही नाही. शेवटी जिन्यात गेलो, तर खालच्या वळणावर बाईसाहेब उन्हात अंग चाटत बसलेल्या.

आता मी काही आंधळेपणाने काम करणारा माणूस नाही. मी वही उघडली आणि ताडून पाहिलं. 'रंग : काळा-पांढरा.' बरोबर. 'खूण : नाकावर काळा ठिपका.' बरोबर. 'शेपूट : लांब, टोक पांढरं.' बरोबर. चौथा रकाना लिंगाचा होता, पण तो काही जिन्यात उभं राहून तपासण्यासारखा नव्हता.

मी टॉवेल टाकला. पुढची पाच मिनिटं मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की जाकिटाची डावी बाही आता जाकिटाला नाही.

रिक्षात टोपलीतून असे आवाज येत होते की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. त्यातून मुकादम टोपलीवर भुंकत सुटला. एरवी हे दोघं एकाच चादरीवर झोपतात. "अरे, आपलीच ठमी आहे ना!" मी त्याला समजावत होतो. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आमचे साहेब माझ्या टिपणीकडे बघतात.

दवाखान्यात मुकादम स्वतःहून वजनकाट्यावर चढला, सुई टोचल्यावर त्याने डॉक्टर मॅडमचा हात चाटला, आणि वहीवर शिक्का बसला. मग टोपली उघडली. मॅडमनी टॉवेल जरा बाजूला केला, आत बघितलं, वही बघितली, पुन्हा आत बघितलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"ठमी."

"हा बोका आहे."

"नाही हो. वहीत मादी आहे."

"वहीत आहे. टेबलावर नाही."

"मॅडम, वहीवर शिक्का आहे."

"शिक्का माझाच आहे."

"मग त्या वेळी तुमची चूक झाली असेल," मी नम्रपणे म्हणालो. "दुरुस्तीसाठी साध्या कागदावर अर्ज देऊ का?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या ठमीचं बाळंतपण मी केलंय. तीन पिल्लं झाली. तीसुद्धा चुकून झाली का?" मग त्यांनी मुकादमाकडे बोट दाखवलं. "हा मघापासून भुंकून काय सांगतोय, ते तरी ऐकायचं!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी कुणाचा तरी बोका भरदिवसा पळवला होता.

मॅडमनी आधी माझे हात तपासले. ओरखडे सगळे जाकिटावर होते, अंगावर एकही नव्हता. बोक्याचं अंग चकचकीत होतं, वजन साडेपाच किलो. "कुणीतरी लाडाने खाऊ घालतंय याला. पण लस टोचलेली दिसत नाही. असा हाती लागलाय तर टोचून टाकते, पुन्हा सापडेल न सापडेल." त्यांनी नवी वही काढली. "मालक कोण?"

मला माहीत नव्हतं. पण रकाना कोरा ठेवणं माझ्या रक्तात नाही. मी माझं नाव सांगितलं.

"आणि आता पळा. दवाखाना एक वाजता बंद होतो."

घरी आलो तर ठमी माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवर गाढ झोपली होती. बोक्याला न्हाणीघरात कोंडलं, ठमीला टोपलीत घातलं (ती जांभई देत स्वतःच बसली), आणि एकला पाच मिनिटं असताना दवाखान्याची पायरी चढलो. मॅडमनी या वेळी चारही रकाने स्वतः तपासले.

बरोब्बर पाच वाजता घरमालकीणबाई आल्या. लेकीने दोन्ही वह्या छातीशी धरल्या होत्या. मला वाटलं, आज काही चुकलं असतं तर मी या पोरीला तोंड कसं दाखवलं असतं? बाईंनी वह्या घेतल्या खऱ्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"आमचे भाऊसाहेब दिसले का कुठे?" त्यांनी विचारलं. "सकाळपासून घरी नाहीत."

मी बुचकळ्यात पडलो. बाई तर एकट्याच राहतात.

तेवढ्यात न्हाणीघरातून भाऊसाहेबांनी ओ दिली.

दार उघडताच बोक्याने झेप घेतली ती थेट बाईंच्या खांद्यावर. मी सगळी हकीकत सांगितली आणि तिसरी वही पुढे केली. बाईंनी ती वाचली.

"मालक म्हणून तुमचं नाव?"

"रकाना कोरा ठेवता येत नाही, बाई."

आता आमचं सामानच बाहेर पडणार, असं मला वाटलं. पण बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. "तीन वर्षं मी याला पकडायला बघतेय," त्या म्हणाल्या. "टोपली दिसली की हा भिंतीवर. माणूस बोलावला, तर तो माणूसच पळून गेला. याला लस नाही, म्हणून निदान तुमच्या दोघांना तरी असावी, याचा मला घोर लागला होता. उगाच नव्हते मागे लागले. तुम्ही कसा पकडलात हो?"

"वहीत बघून," मी म्हणालो.

लेक धावत आली आणि माझ्या कमरेला घट्ट बिलगली. "बाबा!" म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. एक बाही गेली तर गेली, असं मला वाटलं.

"म्हणजे आता सगळे इथेच राहणार?" तिने बाईंना विचारलं.

"मुकादम राहील, ठमी राहील," बाई बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. मग त्यांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि तुझ्या बाबांना आई सांभाळणार असेल, तर त्यांनाही माझी हरकत नाही."

सगळे बायकोकडे बघू लागले. तिने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.